फुलकीच्या वाट्याची पोळी

वहीचं पहिलं पान मी फार मन लावून लिहिलं होतं. वर तारीख, खाली रेघ आणि मग ओळीने अकरा नियम. फुलकीने काय शिकायचं, कोणत्या महिन्यात शिकायचं, ती चुकली तर आपण काय करायचं नाही, सगळं त्यात होतं. माझ्या सासूबाईंनी काय शिकायचं, तेवढं नव्हतं. कुत्र्याला शिकवायचं तर कुत्र्यालाच शिकवायचं, असं मी धरून चालले होते. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते काही उगाच नाही.

आम्ही खापरचे. मुख्य रस्त्यावर आमचं कापडदुकान आणि मागच्या गल्लीत, चालत तीन मिनिटांवर, घर. घरात मी, माझे पती जिनेश, सात वर्षांची जिया आणि सासूबाई, गवराबाई. त्यांना आम्ही सगळे 'बाई' म्हणतो, गल्लीही तेच म्हणते. घरात आमची बोली मारवाडी आहे, पण मी ती इथे मराठीतच लिहिते. शाळा शहाद्याची, त्यामुळे लिहायला मला मराठीच जमते.

बाईंना सतरा वर्षांपासून मधुमेह आहे आणि चार वर्षांपासून इन्शुलिन. साखर वाढण्याची त्यांना सवय झाली आहे, भीती आहे ती उतरण्याची. इतरांची साखर उतरली की हात थरथरतात, भूक लागते आणि माणूस काहीतरी तोंडात टाकतो. बाईंच्या शरीराने ही वर्दी देणंच बंद केलं आहे. जुन्या दुखण्यात असं होतं, असं डॉक्टर म्हणाले. घाम फुटतो तोवर उशीर झालेला असतो. दिवाळीनंतर एकदा जैन स्थानकात सामायिकाला बसल्या असताना त्या भिंतीला टेकल्या. सामायिक म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं एका जागी बसून करायची साधना. शेजारच्या बायकांना वाटलं, गवराबाईंचं ध्यान लागलं. दोघींनी तर हात जोडले म्हणे. वेळ संपली तरी ध्यान उतरेना, तेव्हा कुणीतरी हलवून पाहिलं. पुढचं सगळं सलाईनच्या बाटलीखाली झालं.

डॉक्टरांनी डोस दोनदा बदलला. दंडाला चिकटवायचा सेन्सर आणून पाहिला. आठ दिवसांत दंड लाल झाला आणि नवव्या दिवशी बाईंनी तो काढून माझ्या हातात ठेवला. "हे तूच लाव," म्हणाल्या.

आणि नेमकं याच वर्षी जियाला नंदुरबारच्या शाळेत घालायचं ठरलं होतं. जूनमध्ये आम्ही तिघं तिकडे राहायला जाणार, जिनेश एक दिवसाआड खापरला येऊन दुकान बघणार. बाईंनी एका वाक्यात सांगून टाकलं, "मी खापर सोडणार नाही."

"एकट्या असताना पडलात तर?" जिनेशने विचारलं.

"तर पडेन. पडून पडून माझ्याच ओट्यावर पडेन ना."

त्या तिथे चव्वेचाळीस वर्षं राहिल्या आहेत. सासरे गेले तेही त्याच घरातून. नंदुरबारच्या फ्लॅटमध्ये त्यांना नेलं तर त्या आतून संपतील हे मला दिसत होतं, आणि इथे ठेवलं तर एक दिवस खरोखरच संपतील हेही दिसत होतं. मला बाई हव्या होत्या. सासू म्हणून त्या काही सोप्या नाहीत, पण माझ्या बाळंतपणात रात्र रात्र जागलेलं ते माणूस आहे. जिनेशने शेवटी एवढंच मान्य केलं, की जूनपर्यंत काही पक्का बंदोबस्त झाला तर बाई इथे राहतील, नाहीतर सामान बांधायचं.

तेव्हा मला योगेंद्रभाऊ आठवले. तापीकाठच्या गावातले गुजर, माझ्या वडिलांचे जुने गिऱ्हाईक. बावीस वर्षं पोलिसांच्या श्वानपथकात होते, आता केळी लावतात. साखर उतरली की माणसाच्या घामाचा, श्वासाचा वास बदलतो आणि कुत्र्याला तो ओळखायला शिकवता येतो, हे मी कुठेतरी वाचलं होतं. त्यांना फोन करून विचारलं.

"मी बारूद शिकाडेल शे, साखर नही," ते म्हणाले. "पन वास तो वास. करी दखू. एक ध्यानमा ठेवा ताई, साखर मोजानं मशीन सोडानं नही. कुत्रं सांगस, मशीन पक्कं करस."

ते स्वतः खापरला आले. त्यांच्या मते चांगल्या जातीचं पिल्लू आणावं. बाईंनी पाणी पुढे केलं आणि म्हणाल्या, "जीव विकत आणायचा नाही. आमच्यात चालत नाही." भाऊंनी माझ्याकडे पाहिलं, मी ओट्याखाली पाहिलं. तिथे फुलकी झोपली होती. तपकिरी रंग, एक कान फाटलेला, वय दीड वर्ष असावं. रोज आमच्याकडचा फुलका खाऊन मोठी झाली म्हणून ती फुलकी. भाऊंनी तीन वाट्या उपड्या घालून एकीखाली पोळीचा तुकडा ठेवला. फुलकीने सरळ मधली वाटी नाकाने उलटवली आणि मग शेपूट हलवत बाकीच्या दोन्हीही उलटवून पाहिल्या.

"नाक शे," भाऊ म्हणाले, "आनी पोटबी शे. काम व्हई जाई."

मग बक्षिसाचा विषय निघाला. भाऊ सवयीने बोलून गेले, "उकडेल चिकनना बारीक तुकडा..." बाई उठून स्वयंपाकघरात निघून गेल्या. भाऊंनी जीभ चावली आणि दाराकडे बघून हात जोडले. "माफी करा बाई. पोळीच देवानी. पन तूप लाईसन."

अशी आमची योजना ठरली. बाईंची साखर उतरलेली असेल तेव्हा कापसाचा बोळा त्यांच्या मानेवरून, तळहातावरून फिरवायचा आणि बाटलीत घालून फ्रीजरमध्ये ठेवायचा. जानेवारीत फुलकीने त्या वासाची आणि पोळीची जोडी लावायची. फेब्रुवारीत तीन डब्यांतून तो वास शोधायचा. मार्चमध्ये वास आला की बाईंच्या गुडघ्यावर पंजा ठेवायचा. एप्रिलमध्ये बोळा नाही, प्रत्यक्ष बाई. मे महिना नुसता सरावाचा. फ्रीजरमध्ये जियाच्या कुल्फीशेजारी बाटल्या बघून बाई म्हणाल्या, "जगात लोक लोणची ठेवतात. आमच्याकडे माझा घाम ठेवलाय."

चौथ्या नियमावर मात्र घर तीन दिवस तापलं. नियम असा होता, की फुलकीला कुणीही उगाच खायला द्यायचं नाही, जे मिळेल ते काम केल्यावर मिळेल. आता आमच्याकडे पहिली पोळी गाईची आणि शेवटची कुत्र्याची. घरातलं शेवटचं माणूस जेवून उठलं की कुत्र्याच्या वाट्याची पोळी ओट्यावर जाते. माणसाच्या आधी नाही आणि माणसाचं झाल्यावर उशीरही नाही. लग्न होऊन आल्यापासून बाईंनी हे एक दिवस चुकवलेलं नाही. मी म्हटलं, तीच पोळी डब्यात ठेवू आणि तुकडे करून बक्षीस देऊ.

"म्हणजे तिच्या वाट्याची पोळी तू तिला मजुरी म्हणून देणार?"

"हो."

"वाटा म्हणून द्यायचं आणि वर काम करून घ्यायचं, तो वाटा कसला? तो तर पगार झाला."

"मग दोन पोळ्या करा, एक वाट्याची आणि एक पगाराची."

"तिला कळणार आहे कोणती कुठली?"

चौथ्या दिवशी त्यांनीच तोड काढली. कामाचे तुकडे डब्यातून द्यायचे, पण झोपण्यापूर्वी उरलेली पोळी फुलकीला मिळालीच पाहिजे, काम झालेलं असो वा नसो. तिचा वाटा बुडता कामा नये. मी वहीत तसं लिहून घेतलं.

नवव्या नियमाशी मी त्याहून भित्रेपणाने वागले. बाई चोविहार पाळतात. सूर्य मावळला की अन्न नाही, पाणी नाही, ते थेट दुसऱ्या दिवशी. त्यामुळे नववा नियम मी असा लिहिला होता, 'संध्याकाळी साखर उतरल्यास', आणि पुढची जागा कोरी सोडली. बाईंना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, तेव्हाचं तेव्हा बघू. एक भांडण नुकतंच मिटलं होतं, दुसरं काढायची माझी छाती झाली नाही.

फुलकी मात्र शिकली. मी तिला रागावले, कंटाळले, दोनदा वही फेकली, पण ती शिकली. मार्च संपताना बावीसपैकी एकोणीस वेळा तिने बरोबर पंजा ठेवला. एकदा दुपारी बाई तांदूळ निवडत होत्या, फुलकी उंबऱ्यातून उठून आली आणि त्यांच्या गुडघ्यावर पंजा ठेवून उभी राहिली. बोळा नव्हता, बाटली नव्हती. मशीन लावलं तर बासष्ट. बाईंनी ग्लुकोजचं पाणी घेतलं आणि म्हणाल्या, "योगायोग." पण त्या दिवशी डब्यातल्या पोळीला तूप जरा जास्तच होतं. मी स्वयंपाकघरात जाऊन पदर तोंडावर धरून रडले, इतका आनंद झाला होता.

जिनेश दर रविवारी वही बघायचे. त्या रविवारी त्यांनी बोट ठेवून साखर उतरल्याच्या खुणा मोजल्या. "पंधरा दिवसांत सात वेळा? इतक्या वेळा साखर उतरते?" मग बाईंकडे वळून म्हणाले, "बाई, हे बघून तर वाटतं, तुम्हाला इथे ठेवायलाच नको." ते वाईट मनाने बोलले नव्हते, घाबरले होते. बाईंनी माळ हातात घेतली. मला वाटलं, विषय संपला.

एप्रिल लागला. दुकानात लग्नसराईची गर्दी, त्यामुळे संध्याकाळी सहा ते साडेआठ मी, जिनेश आणि जिया तिकडेच. बाई सूर्यास्ताआधी जेवून घेत आणि मग एकट्या माळ जपत बसत. त्या वेळच्या रकान्यात मी परत आल्यावर त्यांना विचारून लिहायचे.

"फुलकीने काही सांगितलं?"

"आत आली नाही." किंवा, "शांत होती."

"साखर तपासली?"

"माळ चालू होती."

पंधरा दिवस रकान्यात 'शांत', 'शांत', 'शांत'. मला बरं वाटायला हवं होतं, पण दुपारी चार दिवसांत एकदा तरी पंजा ठेवणारी कुत्री संध्याकाळी एकदाही बोलत नाही, हे पचेना. एका रविवारी दुकान बंद होतं. दिवस मावळल्यावर मी जुना बोळा ओढणीच्या टोकात बांधला आणि बाईंशेजारी जाऊन बसले. फुलकी आली, तिने ओढणी हुंगली, एकदा बाईंकडे पाहिलं आणि उठून बाहेर गेली. ओट्यावर जाऊन ताठ बसली. मी पुन्हा बोलावलं, पुन्हा तेच. पाच वेळा केलं, पाचही वेळा ती बाहेर गेली. बाई डोळे मिटून माळ ओढत होत्या.

दुसऱ्या दिवशी योगेंद्रभाऊंना फोन केला. म्हटलं, संध्याकाळच्या फोडणीच्या वासाने तिचं नाक फसत असेल का?

"नाक फसतं ते दुपारलेबी फसतं," भाऊ म्हणाले. "फक्त सांजले चुकस, म्हंजे ती चुकत नही ताई. तिले कोनीतरी दुसरं शिकाडी ऱ्हायनं."

"कोण शिकवणार? घरात तर बाई एकट्याच असतात."

हे बोलताना माझं मलाच कळलं आणि मी फोन ठेवला.

त्या संध्याकाळी साडेसात वाजता मी दुकानातून निघाले. जिनेशना सांगितलं, डोकं दुखतंय. गल्लीच्या तोंडाशी आले तेव्हा फुलकी ओट्यावर दिसली. ताठ बसलेली, कान उभे, तोंड रस्त्याकडे नाही तर दाराकडे. समोर फुलवंताबाईंची पिठाची चक्की आहे. त्या दारात चाळण झटकत होत्या. मी विचारलं, फुलकी अशी रोज बसते का?

"रोज नही. पन बठस," फुलवंताबाई म्हणाल्या. "आठे बशीसन वाट दखस. मंग बाई येस, पोळी देस आनी दार लोटी लेस. माले वाटनं, लाड शे." चाळण खाली ठेवून त्या म्हणाल्या, "आज कवयपासून बठेल शे. बाई अजून बाहेर उनी नही."

मी धावले.

बाई पलंगावर बसल्या होत्या. माळ हातात होती, पण मणी पुढे सरकत नव्हते. कपाळ, मान, ब्लाऊज सगळं घामाने भिजलेलं. शेजारी फुलकीचा स्टीलचा डबा, झाकण अर्धवट उघडलेलं. उठायला गेल्या असणार आणि उठता आलं नसणार. मला बघून म्हणाल्या, "लांबरुंद... अस्तर... मोजून दे." त्या दुकानात होत्या, चाळीस वर्षांपूर्वीच्या. मी मशीन लावलं. सेहेचाळीस.

ग्लुकोजचं पाणी करायला मला किती वेळ लागला असेल, अर्धं मिनिट? कप ओठांना लावला तर त्यांनी मान फिरवली.

"बाई, प्या."

"सूर्य बुडाला."

"बाई, साखर सेहेचाळीस आहे."

"बुडाला," त्या म्हणाल्या आणि ओठ मिटून घेतले. शुद्ध निम्मी गेली होती, पण नेम पक्का होता. चव्वेचाळीस वर्षांचा नेम होता तो, माझ्या ओरडण्याने तुटणार नव्हता. जबरदस्तीने घातलं तर ठसका लागेल ही भीती. मला त्यांचा इतका राग आला, की तो कप भिंतीवर फेकावा असं वाटलं.

तेवढ्यात बाहेर फुलकी कुईं करून रडली. तिचं काम झालं होतं, तिला आता पोळी हवी होती.

मी डबा उचलून बाईंच्या समोर धरला. "ही पोळी कुणाची?"

त्यांनी डब्याकडे पाहिलं. "फुलकीची."

"कितवी?"

"शेवटची."

"म्हणजे घरातल्या सगळ्यांचं खाऊन झाल्यावरची. तुमचं अजून बाकी आहे. हे पाणी बाकी आहे. तुम्ही नाही घेतलंत तर ही पोळी मी तिला देणार नाही. आज नाही, उद्याही नाही. बसू दे तिला उपाशी."

असं मी बोलले खरं. फुलकी पुन्हा रडली. बाई दाराकडे बघत राहिल्या. मी मनात आकडे मोजत होते, कितीवर जिनेशना फोन करायचा आणि कितीवर गाडी बोलवायची. मी अकरापर्यंत आले आणि बाईंनी तोंड उघडलं. कप दोन्ही हातांनी धरून त्यांनी घोट घोट सगळं पाणी संपवलं. मग स्पष्ट आवाजात म्हणाल्या, "दे तिला."

पंधरा मिनिटांनी मशीन ब्याऐंशी म्हणालं. फुलकी पोळी खाऊन उंबऱ्यावर आडवी झाली होती. बाईंचा भिजलेला ब्लाऊज मी बदलून दिला आणि त्यांच्या पायांशी खाली बसले. राग उतरला नव्हता, पण रडू त्याच्या वर आलं होतं.

"का केलंत असं?" मी विचारलं. "नेम मोडेल म्हणून? तुमच्या पच्चक्खाणाच्या प्रतिज्ञेतच आजाऱ्याला सवलत आहे, बाई. आगार म्हणतात ना त्याला? तुम्हीच मला शिकवलंत."

"आगार आजाऱ्यासाठी असतो."

"मग?"

"मी आजारी नाही," बाई म्हणाल्या. "तू वहीत खूण करतेस. दर रविवारी जिनेश त्या मोजतो. जितक्या खुणा, तितकी मी आजारी. तो म्हणाला ना त्या दिवशी, इथे ठेवायलाच नको. मग मी म्हटलं, संध्याकाळच्या खुणा तरी होऊ नयेत. ती पंजा ठेवायची, मी तिला बाहेर नेऊन पोळी द्यायचे आणि दार लोटायचे. जेवलेलं अंगी लागलं की मला बरं वाटायचं. मग ती आपणच बाहेर जायला लागली. हुशार आहे."

चार महिने मी वही लिहीत होते आणि एकदाही बाईंना सांगितलं नव्हतं, की या खुणा तुमच्या आजाराच्या नाहीत, फुलकीच्या हुशारीच्या आहेत. एकेका खुणेने तुमचं खापर पक्कं होतंय. त्यांना ते उलटं वाटलं, आणि जिनेशचं बोलणं ऐकल्यावर कुणालाही तसंच वाटलं असतं. मी त्यांना हे सगळं तेव्हा सांगितलं, उशिरा का होईना.

"मजुरी म्हणून पोळी देऊ नको म्हणून मी तुझ्याशी तीन दिवस भांडले," शेवटी त्या म्हणाल्या. "आणि मी काय केलं? लाच दिली. मुक्या जिवाला खोटं बोलायला शिकवलं. नेम सांभाळायला गेले आणि त्याहून मोठं पाप करून बसले."

"ती खोटं बोलली नाही, बाई. बाहेर बसून तिने सांगितलंच होतं. बघायला कुणी नव्हतं."

बाईंनी फुलकीकडे हात केला. ती उठून आली आणि त्यांच्या पावलावर हनुवटी ठेवून बसली. आजवर बाई कुत्र्याला हात लावत नसत, लागला तर धुवून टाकत. त्या दिवशी त्यांनी हात तिच्या फाटक्या कानावर ठेवला आणि तिथेच राहू दिला.

जिनेशना मी त्याच रात्री सगळं सांगितलं. ते बराच वेळ वही हातात धरून बसले. सकाळी ते बाईंकडे गेले, काय बोलले ते मला माहीत नाही. पण त्यानंतर रविवारी त्यांनी वही मागितली नाही.

मला वाटत होतं तितकं अवघड काम योगेंद्रभाऊंच्या मते उरलं नव्हतं. "जे शिकेल शे ते मोडू नका," ते म्हणाले. "तेच कामले लावा." म्हणून आम्ही नवं पान काढलं. दुपारी पंजा, संध्याकाळी ओटा. फुलकी दिवस मावळल्यावर ओट्यावर दाराकडे तोंड करून बसली की समोरून फुलवंताबाई हाक मारतील आणि उत्तर आलं नाही तर चक्की बंद करून येतील. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "त्यामा काय, मी तठेच ऱ्हास." मे महिनाभर सराव केला. दोनदा चक्कीच्या आवाजात हाक ऐकू गेली नाही, म्हणून हाकेऐवजी फुलवंताबाईंना वाजवायला ओट्याला घंटा बांधली.

नवव्या नियमापुढची कोरी जागा बाईंनी स्वतः भरली. त्यांचं अक्षर मोठं आणि वाकडं. 'संध्याकाळी साखर उतरल्यास, आगार ठेवून आधी मी पाणी घेईन. मग फुलकीची पोळी.' खाली सही केली. मी म्हटलं, सहीची गरज नव्हती. म्हणाल्या, "नेम आहे. नेमाला सही लागते."

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही नंदुरबारला आलो. निघताना बाईंनी जियाला जवळ घेतलं, मला डब्यात लाडू दिले, जिनेशच्या डोक्यावरून हात फिरवला आणि कुणी रडायच्या आत दार लावून घेतलं. बस सुटेपर्यंत मी मनात किती वेळा परत फिरले, ते माझं मला ठाऊक.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पावणेआठला फोन वाजला. मी पुऱ्या तळत होते, पीठ लागलेल्या हातानेच उचलला.

"एकोणसाठ होती," बाई म्हणाल्या. "घंटा वाजायच्या आत मीच पाणी घेतलं. आता अठ्ठ्याऐंशी आहे. फुलकीची पोळीही झाली. फुलवंता इथेच बसलीय, उगाच काळजी करू नका. जियाचा अभ्यास झाला का?"

"झाला."

"बरं. ठेव आता, माळ राहिलीय."

मी फोन ठेवला. गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून उभी राहिले. जिनेश बाहेरच्या खोलीतून दारात आले. फोन बाईंचा हे त्यांनी ओळखलं होतं, पण साखर किती होती ते विचारलं नाही, या आठवड्यात ही कितवी वेळ तेही विचारलं नाही.

"फुलकीला पोळी मिळाली का?" त्यांनी विचारलं.

"मिळाली," मी म्हटलं.